थांबलेले जठर

सकाळी आठ वाजता खाल्लेली पोळी संध्याकाळी सहा वाजता जशीच्या तशी बाहेर पडली, तेव्हा आपण आजारी आहोत हे मी मान्य केले. त्याआधी चार महिने मी त्याला अ‍ॅसिडिटी म्हणत होतो.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट आहे. मी ठाण्यातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. घर दिघ्याला, दोन खोल्यांचे. पत्नी सुमन जवळच्याच कारखान्यात पॅकिंग विभागात होती. मुलगी सात वर्षांची. आम्ही दोघेही जालन्याकडचे, पण दिघ्यात राहून आठ वर्षे झाली होती.

कार्यालयात जेवणाची वेळ ठरलेली नसे. हिवाळ्यात पोटात मुरडा येऊ लागला तसा मी आमच्या वस्तीतल्या डॉक्टर चित्र्यांकडे गेलो. त्यांचा दवाखाना एका गाळ्यात होता. पुढे बाक, मागे कंपाउंडरची खिडकी. त्यांनी पोट दाबून पाहिले आणि मिक्श्चर दिले. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवलेली, तिला कात्रीने खाचा पाडलेल्या. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. दिवसातून तीनदा, सहा दिवस.

तीन दिवसांत मुरडा थांबला. मी समाधानाने कामाला लागलो. पुन्हा दुखले तेव्हा मी डॉक्टरांना भेटलो नाही. खिडकीत बाटली दिली आणि भरून घेतली.

चार महिने

पोट दुखायचे थांबले, पण जड राहू लागले. अर्धी भाकरी खाल्ली की गळ्यापर्यंत आल्यासारखे वाटे. मग उलट्या सुरू झाल्या. सकाळचे अन्न संध्याकाळी पडे, कालचे आज. पट्ट्याला नवी भोके पाडून पँट आवळली. कार्यालयात सहकारी तब्येत विचारण्याऐवजी माझ्या कामाचा भाग न सांगता उचलू लागले. त्याचा अर्थ मला कळत होता.

आम्ही घरी एक शब्द टाळत होतो. सुमनच्या मामांचा मृत्यू पोटाच्या कॅन्सरने झाला होता, आणि त्यांची सुरुवातही अशीच होती. एकदा मुलीने विचारले, "बाबा, तुम्ही ताट का सरकवता?" सुमन ताट उचलून मोरीकडे गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली.

वाशीच्या बाजूच्या एका रुग्णालयात मला दाखल करून घेतले.

एक पानाचा इतिहास

दाखल होण्याच्या आदल्या दिवशी मी माझ्या आजाराचा वृत्तांत लिहिला होता. डॉक्टर प्रश्न विचारतात, रुग्ण भरकटतो, वेळ जातो, हे मी रुग्णालयांच्या बातम्या करताना पाहिले होते. मला तसे करायचे नव्हते.

पहिला मसुदा तीन पानांचा झाला. तो मी सवयीने कापला. बातमीत सर्वांत महत्त्वाचे वर असते आणि उतरत्या क्रमाने बाकीचे. पान लावताना जागा कमी पडली की कंपोझिटर तळाच्या ओळी उचलतो, कोणाला विचारत नाही. त्याच रीतीने मी उलट्या, वजन, वेळा आणि अन्नाचे प्रकार वर ठेवले. तळाशी आलेले फुटकळ तपशील काढून टाकले. डोळ्यांना चष्मा लागणार असे दिसते, तोंडाला कोरड पडते, वस्तीतल्या डॉक्टरांचा साधा डोस चालू आहे. या ओळींचा जठराशी संबंध नाही, असा निर्णय मी घेतला. टंकलेखन यंत्रावर एक पान नेमके बसले.

रजिस्ट्रार डॉक्टर मेहेंदळे यांनी ते वाचले. त्या माझ्याहून दहा वर्षांनी लहान असाव्यात. "सगळे पेशंट असं लिहून आणतील तर किती बरं होईल," त्या म्हणाल्या आणि पान केसपेपरला टाचले. त्यानंतर जो डॉक्टर माझ्या खाटेपाशी आला, त्याने ते पान वाचले. पहिल्यापासून कोणी काही विचारले नाही.

सुमनने कपड्यांच्या पिशवीतून डोसही आणला होता. दवाखान्याची बाटली फुटल्यापासून आम्ही तो टॉनिकच्या रिकाम्या मोठ्या बाटलीत ओतून ठेवत होतो. त्या बाटलीवर खाचांची पट्टी नव्हती. सुमन वेळेवर देई तो वेगळा, शिवाय जड वाटले की मी एक घोट घेई, जास्त जड वाटले की मोठा घोट. वॉर्डातल्या प्रत्येक लोखंडी कपाटावर टॉनिकची एक बाटली होतीच. माझी त्यांत मिसळून गेली. परिचारिकांनी दाखल होताना विचारले होते, "कुठली औषधं चालू आहेत?" मी म्हणालो, "कुठलीही नाहीत." ते मी खोटे बोलत नव्हतो. आमच्याकडे गोळी म्हणजे औषध, इंजेक्शन म्हणजे औषध. डोस हा डोस होता.

वॉर्ड

पहाटे पाचला तापमान. सहाला झाडलोट, साडेसहाला चहा, ज्यांना तो चालत असे त्यांना. दहाला मोठे डॉक्टर. चार ते सहा भेटीची वेळ. खिडकीतून मिठागरांचे चौकोन दिसत आणि त्यांच्यामागे खाडी.

शेजारच्या खाटेवर काळू पाटील होते. तळवलीचे, साठीचे, जुना अल्सर. त्यांचे ऑपरेशन ठरले होते, पण तारीख मिळत नव्हती. वॉर्डातला प्रत्येक माणूस त्यांना ओळखत होता, कारण ते प्रत्येकाला हाक मारत.

"ओ पेपरवाले," त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले, "तुमच्या पोटात काय बातमी हाय?"

"अजून कळली नाही."

"मंग काय छापता रोज?"

मला बेरियम पाजून एक्स-रे काढले. खडूचे पाणी प्यायल्यासारखे लागते. सहा तासांनी काढलेल्या प्लेटवर जठर पांढरेशुभ्र भरलेले होते. तोपर्यंत ते बहुतेक रिकामे व्हायला हवे होते. जठराची हालचाल वाढवणारे औषध, मेटोक्लोप्रमाइड, आधी इंजेक्शनने आणि मग गोळ्यांनी सुरू झाले. नऊ दिवसांत काहीही फरक पडला नाही.

दहाव्या दिवशी सर्जन आले. ते कमी बोलत. "जठराचं तोंड खालून बंद झालेलं दिसतंय," ते म्हणाले. "जुन्या अल्सरमुळे असेल. दुसरंही काही असू शकतं. उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. गुरुवारी घेऊ."

दुसरे काही म्हणजे काय, हे मी विचारले नाही. व्यवसायाने प्रश्न विचारणाऱ्या माणसाला तो एक प्रश्न विचारता आला नाही, एवढीच नोंद करतो.

त्या दिवशी भेटीच्या वेळी सुमनने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "अहो, डोस घेतला का? चित्रे डॉक्टरांनी म्हटलंय, मध्ये सोडायचा नाही."

मी घेतला.

मंगळवार

मंगळवारी सकाळी डॉक्टर मेहेंदळे संमतीचा कागद घेऊन आल्या. मी तो वाचल्याशिवाय सही करणार नव्हतो. कागद हातात घेतला, लांब धरला, आणखी लांब धरला. अक्षरे एकमेकांत मिसळलेली होती. गेले दोन महिने मुद्रिते वाचताना असेच होत होते. अडतिसाव्या वर्षी चष्मा लागणे हे काही विशेष नव्हे.

"पेपरवाले," शेजारून आवाज आला, "कागद येवढा लांब धरलाय, वास मारतोय काय त्याचा?"

वॉर्ड हसला. डॉक्टर मेहेंदळे हसल्या नाहीत. त्यांनी खिशातून टॉर्च काढला आणि माझ्या डोळ्यांत धरला. एकात, मग दुसऱ्यात, मग पुन्हा पहिल्यात.

"तोंड कोरडं पडतं का?"

"हो. पण पोटात काही टिकत नाही, म्हणून असेल."

"लघवीला वेळ लागतो?"

"लागतो."

"नाडी तुमची पहिल्यापासून जलद आहे. आम्ही ती भीतीच्या खात्यावर टाकली होती." त्या खाटेच्या कडेवर बसल्या. डॉक्टर सहसा बसत नाहीत. "जाधव, तुम्ही नेमकं काय काय घेता? घरून?"

"काही नाही. फक्त डोस."

"कसला डोस?"

मी कपाटाकडे बोट दाखवले. त्यांनी बाटली उचलली, बूच काढून वास घेतला. पेपरमिंटचा वास मलाही आला.

"हे तुमच्या पानात नाही."

"आधी होते," मी म्हणालो. "मी कापले."

त्यांनी बूच परत लावले. मग बाटली एप्रनच्या खिशात घालता येईना, तेव्हा काखेत घेऊन निघून गेल्या.

डॉक्टर चित्रे

त्या दुपारी सुमनला मी सांगितले, मिक्श्चरमध्ये काय असते ते लिहून आण. ती थेट दवाखान्यात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी, भेटीची वेळ नसताना, डॉक्टर चित्रे स्वतःच वॉर्डात उभे राहिले. गाळा बंद करून, बसने आले होते. हातात चिठ्ठी होती. ती त्यांनी डॉक्टर मेहेंदळे यांना दिली.

"टिंक्चर बेलाडोना आहे त्यात. मुरड्यासाठी दिलं होतं. सहा दिवसांसाठी," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "किती दिवस घेतलंस?"

"चार महिने. वर थोडे."

"खाचेच्या खुणेनं?"

"घोटाने."

त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. मला वाटले, आता बोलणी बसतील. "कंपाउंडर भरून देत होता, हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "तुला बोलावून घ्यायला हवं होतं. ते माझं राहिलं." एवढे बोलून ते स्टुलावर बसले आणि मुलगी कितवीत गेली ते विचारू लागले.

चूक कोणाची, याची वाटणी मी पुष्कळदा करून पाहिली आहे. त्यांच्या वाट्याला जेवढी येत होती तेवढी त्यांनी न मागता घेतली. हे मी नंतरच्या आयुष्यात फार वेळा पाहिलेले नाही.

जागा

डॉक्टर मेहेंदळे यांनी जे समजावले ते मला जेवढे समजले तेवढे देतो.

जठर ही स्नायूंची पिशवी आहे. ती हलावी म्हणून मज्जातंतूंच्या टोकांतून एक रसायन सुटते. स्नायूंच्या पेशींवर त्या रसायनासाठी ठरलेल्या जागा असतात. त्यांना ग्राही म्हणतात. रसायन त्या जागेवर बसले की स्नायू आवळतो आणि अन्न पुढे सरकते. बेलाडोना या वनस्पतीच्या अर्कातले द्रव्य त्याच जागांवर जाऊन बसते, पण स्वतः काही करत नाही. त्यामुळे मुरडा थांबतो. जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतले की जठरच थांबते. तसल्याच जागा डोळ्यांत, लाळेच्या ग्रंथींत आणि मूत्राशयातही असतात. म्हणून माझी अक्षरे, कोरड आणि लघवी.

"मग तुमच्या गोळ्या?" मी विचारले.

"आमच्या गोळीनं ते रसायन जास्त सुटतं. पण सुटून करणार काय? बसायला जागा नको?"

काळू पाटील कुशीवर वळून ऐकत होते. "म्हंजे यष्टीत रुमाल टाकतात तसा," ते म्हणाले.

"कसं?"

"खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरायची. मंग खरा मानूस आला तरी तो उभाच. तुमी आनखी मानसं सोडताव, पन बाकड्यावर रुमाल बसलेत. आनि रुमाल काय उठत नाय."

डॉक्टर मेहेंदळे पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. "हे मी परीक्षेत लिहायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

आठ दिवस

सर्जनांनी सगळे ऐकले, चिठ्ठी वाचली. "शक्य आहे," ते म्हणाले. "पण तोंड खरोखरच बंद असेल तर आपण वेळ घालवतोय. आठ दिवस देतो. डोस बंद, गोळ्या चालू, पुन्हा बेरियम. नाही हललं तर पुढच्या गुरुवारी उघडणार."

म्हणजे काहीच निश्चित झाले नव्हते. डोस हे कारण असू शकत होते. डोस आणि मामांचा आजार, दोन्ही एकाच वेळी असू शकत होते. मी हे मनात शांतपणे मांडत होतो, पण हाताला घाम येत होता. मागे तो येत नव्हता. डॉक्टर मेहेंदळे म्हणाल्या, घाम येऊ लागला हे चांगलेच आहे, डोस अंगातून उतरतोय.

माझा रिकामा झालेला गुरुवार काळू पाटलांना मिळाला. स्ट्रेचरवर चढताना ते म्हणाले, "पेपरवाले, तुमची जागा मी धरली. रुमाल टाकायचा राहिला बघा." त्यांचा मुलगा मागे चालत होता, त्याला हसावे की नाही ते कळेना.

सुमन त्या दोन-तीन दिवसांत फारसे बोलली नाही. येई, डबा न आणता, कारण मला पातळ पदार्थ रुग्णालयातूनच मिळत. स्टुलावर बसे, पदराचे टोक बोटाला गुंडाळी, सहाला उठून जाई. शनिवारी मी विचारले.

"मीच पाजला की रोज," ती म्हणाली. "घड्याळ लावून. तुम्ही नको म्हणलात तरी पाजला."

"मी तो पानात लिहून मग काढून टाकला."

"तुमचं लिहिणं राहू द्या. पाजणारी मी. ऑपरेशन झालं तर कापणारा डॉक्टर, पण त्या टेबलापर्यंत आणणारी मीच की."

मी तिला समजावू लागलो. ग्राही, रसायन, रुमाल. तिने मध्येच थांबवले. "अहो, मला कळलंय सगळं. कळल्यानं हलकं होत नाही, एवढंच म्हणते."

मी तिच्याकडे पाण्याचा पेला मागितला. तिने तो दिला आणि मी पूर्ण पिईपर्यंत पेल्याकडे पाहत राहिली. पाणी पोटात राहिले.

रविवारी मुरडा आला. चार महिन्यांपूर्वीचा तोच, तसाच. त्या क्षणी बाटली समोर असती तर मी घोट घेतला असता, हे लिहिणे आवश्यक आहे. बाटली नव्हती. मुरडा पाऊण तासाने गेला. त्यानंतर पोटात गुरगुर झाली. ती इतकी मोठी होती की पलीकडच्या खाटेवरच्या माणसाने मान वळवली. मला पूर्वी अशा आवाजाची लाज वाटत असे.

सोमवारी उलटी झाली नाही. मंगळवारी झाली नाही. मी ते कोणाला सांगितले नाही. दोन दिवसांवरून निष्कर्ष काढू नये.

लिहिण्याचे कारण

ज्यांना रुग्णालयात जायचे आहे त्यांना एवढेच सांगायचे आहे. तोंडातून जे जे आत जाते ते सगळे पिशवीत घालून न्या. काढा, चूर्ण, शेजारणीने दिलेली पुडी, दातांचे मंजन, मिक्श्चर. नावे माहीत नसतील तर बाटल्याच न्या. काय महत्त्वाचे आणि काय फुटकळ, हे आपण ठरवू नये. मी ते रोजगारासाठी रोज ठरवत होतो आणि माझ्याच बाबतीत चुकलो. डॉक्टर थकलेले असतील, कंटाळतील, मान हलवतील. तरी सांगा. लांबण लागली तरी चालेल.

आणि डोळा, जीभ, मूत्राशय, पोट ही आपल्याला वेगवेगळी वाटतात. शरीर तसे मानत नाही.

बुधवार

बुधवारी सकाळी पुन्हा खडूचे पाणी प्यायलो. सुमनने कारखान्यात रजा टाकली होती. प्लेट अर्ध्या तासाने, दोन तासांनी, चार तासांनी काढायची होती. मधल्या वेळात आम्ही एक्स-रे विभागाबाहेरच्या बाकावर बसलो. समोरच्या भिंतीवर रंग उडालेला होता आणि त्यात कोणाला काय दिसते यावर आम्ही थोडा वेळ बोललो. तिला बैल दिसला. मला काही दिसले नाही.

चौथ्या तासाची प्लेट घेऊन डॉक्टर मेहेंदळे खिडकीपाशी गेल्या. प्लेट उजेडात धरली. सर्जन मागून आले आणि त्यांच्या खांद्यावरून पाहू लागले. सुमनने माझा हात धरला नाही, बाकाची कड धरली होती.

"जाधव, इकडे या," सर्जन म्हणाले. "हे जठर. रिकामं आहे. पांढरं सगळं खाली आतड्यात गेलंय. तोंड उघडं आहे, वाढ कसलीही दिसत नाही. इथं जुन्या अल्सरचा वण आहे, त्याचं औषध घ्यावं लागेल. नियमित. खुणेनं." मग सुमनकडे पाहून म्हणाले, "उद्याचं ऑपरेशन नाही."

"कधी आहे मग?" सुमनने विचारले.

"नाहीच."

तिने मान हलवली, जणू बसची वेळ कळली. मग भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी तिच्या शेजारी उभा राहिलो. डॉक्टर मेहेंदळे प्लेट पाकिटात घालत होत्या आणि त्यांना त्या कामाला गरजेपेक्षा जास्त वेळ लागला.

संध्याकाळी मला वॉर्डातले साधे जेवण आले. मऊ भात, वरण, उकडलेल्या बटाट्याची भाजी. शेजारी काळू पाटील परत आलेले होते, पोटावर पट्टी, समोर पेजेचा वाडगा. त्यांना आणखी काही दिवस तेवढेच होते.

"पेपरवाले," ते म्हणाले, "भूक लागली काय?"

मी विचार केला. भूक लागली होती. चार महिन्यांनी.

"लागली."

"मंग हलू हलू खा. मना बघू द्या."

मी पहिला घास घेतला. ते वाडगा छातीशी धरून माझ्याकडे पाहत होते आणि सुमन त्यांच्याकडे पाहून हसत होती. ताट संपायला पस्तीस मिनिटे लागली. ताटात काही उरले नाही, आणि रात्रभर काही परत आले नाही.